संध्याकाळची मेणबत्ती आणि धीराचा नेम: या चुका टाळा

रोज संध्याकाळी दहा मिनिटे राखून ठेवायची, एक मेणबत्ती लावायची, बायबलमधील एक स्तोत्र सावकाश वाचायचे आणि त्यानंतर काहीही न मागता थोडा वेळ देवासमोर बसून राहायचे, एवढाच हा नेम आहे. धीर शिकावा म्हणून अनेक विश्वासणारे तो मनापासून सुरू करतात आणि काही आठवड्यांत सोडून देतात. मीही तो दोनदा सोडला आहे. धीर ही त्या दहा मिनिटांच्या शेवटी हाती पडणारी वस्तू आहे असे आपण धरून चालतो, आणि ती हाती पडली नाही की नेमच निष्फळ वाटू लागतो. माझ्या मते पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून निघतात.

पहिली चूक सुरुवातीलाच होते. उत्साहाच्या भरात आपण रोज चार-पाच स्तोत्रे आणि अर्धा तास प्रार्थना असे ठरवतो, आणि थकून आलेल्या पहिल्याच संध्याकाळी ते ओझे वाटू लागते. एकच स्तोत्र पुरे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी 117 वे अवघ्या 2 ओव्यांचे आहे, तर 119 वे 176 ओव्यांचे. ते मुळातच आठ-आठ ओव्यांच्या 22 भागांत रचलेले असल्यामुळे रोज एक भाग वाचला तरी चालतो.

दुसरी अडचण अशी की शांत बसल्यावर मन शांत होत नाही. कामे आठवतात, जुने बोलणे टोचत राहते, आणि आपली प्रार्थना खोटी आहे की काय अशी शंका येते. अशा वेळी मेणबत्तीकडेच नीट पाहावे. काडी लावताच वात भरकन पेटते, मग ज्योत आक्रसून एवढीशी, निळसर होते आणि आता विझणार असे वाटते. मेण वितळून वातीत चढेपर्यंत ती तशीच तग धरते आणि नंतर हळूहळू उभी राहते. त्या मधल्या क्षणी तिला फुंकर घालून मदत करता येत नाही, वाटच पाहावी लागते. अस्वस्थता घेऊनही देवासमोर बसता येते, हे स्तोत्रकर्त्यांनी आपल्या आधी जाणले होते: 13 वे स्तोत्र 'किती वेळ?' असे चार वेळा विचारते, आणि 88 वे तर अंधारातच संपते. ती जशी आहेत तशी मोठ्याने वाचावीत; लगेच आनंदाचे स्तोत्र शोधायला जाऊ नये.

मला सर्वांत गंभीर वाटते ती चूक व्यत्ययाची. स्तोत्र अर्ध्यावर आलेले असते, तेवढ्यात मूल येऊन बुटाची नाडी दाखवते किंवा घरातले कोणी औषध कुठे ठेवले ते विचारते, आणि आपण 'प्रार्थना चालली आहे, दिसत नाही का?' असे खेकसतो. हे मी केले आहे, आणि त्या मुलाचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. बायबलमधील गलतीकरांस पत्रात आत्म्याची फळे, म्हणजे पवित्र आत्मा माणसात निर्माण करतो ते गुण, सांगितले आहेत; त्यांत जी सहनशीलता आहे तिच्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'माक्रोथुमिया' असा आहे, म्हणजे माणसांच्या बाबतीत रागाला उशीर लावणे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतातील चाकर राजापुढे गुडघे टेकून हीच सवलत मागतो. त्याचे 10,000 तालांतांचे, म्हणजे सुमारे 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे देणे माफ होते. पण बाहेर पडताच तो स्वतःच्या एका देणेकऱ्याचा 100 दिनारांसाठी, म्हणजे 100 दिवसांच्या मजुरीसाठी, गळा धरतो, आणि तो देणेकरी जवळजवळ त्याच शब्दांत विनवतो तरी त्याला तुरुंगात टाकतो. म्हणून कोणी हाक मारली तर पुस्तक उघडे ठेवून उठावे, नाडी बांधून द्यावी आणि परत येऊन त्याच ओवीपासून वाचावे. हवे असल्यास मुलाला शेजारी बसवून एक ओवी त्याच्याकडून वाचून घ्यावी.

धीर म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असाही गैरसमज आढळतो. घरात मारहाण होत असेल, तर मेणबत्तीपुढे बसून गप्प राहणे हा धीर नव्हे. तेव्हा विश्वासू माणसाकडे जाऊन मदत मागितलीच पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्याय मागायला न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली, आणि येशूने प्रार्थनेतील चिकाटीसाठी तिचेच उदाहरण दिले.

शेवटची चूक राहून गेलेल्या दिवसांची. दोन संध्याकाळ चुकल्या की तिसऱ्या दिवशी तीन स्तोत्रे वाचून आपण भरपाई करू पाहतो, ती जमली नाही की थकबाकी वाढते आणि लाजेपोटी नेमच सुटतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला तो त्या त्या दिवसापुरता. शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी गोळा केलेला दुप्पट वाटा सोडला, तर सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडत. म्हणून चुकलेले मोजू नये. रविवारी 37 व्या स्तोत्रावर थांबलो असू आणि आज बुधवार असेल, तर वातीवर साचलेले जुने मेण खरवडून काढावे, मेणबत्ती लावावी आणि 38 वे स्तोत्र उघडावे.