समुद्रपर्यटनात कॅसिनोतील पोकर कसा खेळावा

क्रूझ जहाज बंदराला लागलेले असते तेव्हा त्यावरील कॅसिनो सहसा बंद असतो, कारण तेथे त्या देशाचे जुगारविषयक कायदे लागू होतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यालगतचा प्रादेशिक समुद्र जास्तीत जास्त १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असू शकतो, आणि जहाज तेवढे बाहेर पडल्यावरच बहुधा टेबले उघडतात. म्हणून सर्वांत आधी प्रवासाचे वेळापत्रक पाहावे. जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी खेळायला वेळही भरपूर मिळतो आणि प्रतिस्पर्धीही. बंदराच्या दिवशी मात्र भटकून थकलेली मंडळी लवकर झोपतात आणि टेबल रिकामे राहते. पहिल्याच संध्याकाळी कॅसिनोत जाऊन पोकरचे टेबल आहे का, ते किती वाजता सुरू होते, किमान वय १८ आहे की २१ आणि आगाऊ नाव नोंदवावे लागते का, एवढे विचारून घ्यावे.

त्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे आपण नेमके कोणाविरुद्ध खेळणार आहोत. ‘पोकर’ या एकाच नावाखाली कॅसिनोत दोन निराळे प्रकार नांदतात. टेक्सस होल्डेममध्ये (प्रत्येकाचे स्वतःचे दोन पत्ते आणि टेबलावर उघडले जाणारे पाच सामाईक पत्ते) प्रवासी एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कॅसिनो प्रत्येक डावाच्या रकमेतून आपला वाटा कापून घेतो. थ्री कार्ड पोकर किंवा कॅरिबियन स्टड यांत मात्र प्रतिपक्ष खुद्द कॅसिनोच असतो. या दुसऱ्या प्रकारात समोरच्याचा चेहरा वाचण्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते, कारण डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा कर्मचारी, ठरलेल्या नियमानेच चालतो आणि उत्तम खेळूनही दीर्घकाळात पारडे कॅसिनोकडेच झुकते. अनेक जहाजांवर होल्डेमचे एकच टेबल असते, काहींवर तेही नसते, आणि मग पोकर खेळायला आलेला माणूस नकळत या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतो.

तेथे बसायचेच असेल तर निदान नियम पाठ असावा. थ्री कार्ड पोकरमध्ये हातात राणी-छक्का-चौका किंवा त्याहून वरचे पत्ते असतील तरच पुढची रक्कम लावावी, अन्यथा पत्ते टाकावेत, म्हणजे डाव सोडावा; एवढे पाळले तर नेहमीच्या बक्षीस तक्त्यानुसार कॅसिनोची सरशी पहिल्या पैजेच्या सुमारे ३.४ टक्के राहते. कॅरिबियन स्टडमध्ये ती साधारण ५.२ टक्के असते; त्यात जोडी किंवा त्याहून चांगला हात, म्हणजे पत्त्यांचा संच, असेल तर खेळावे आणि एक्का-राजापेक्षा कमी असेल तर माघार घ्यावी. व्हिडिओ पोकरचे यंत्र दिसले, तर पैसे लावण्यापूर्वी पडद्यावरील तक्ता वाचावा. ‘जॅक्स ऑर बेटर’ (गुलामांची किंवा त्याहून वरची जोडी असली की बक्षीस) या प्रकारात फुल हाउसला (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) ९ आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच चिन्हाचे) ६ पट मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत मिळतात. तेच आकडे ६ आणि ५ असतील तर परतावा ९५ टक्क्यांवर घसरतो. दोन्ही यंत्रे दिसायला सारखीच असतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

होल्डेमच्या टेबलावर कॅसिनोची कपात, म्हणजे रेक, नीट समजून घ्यावी. ती बहुधा डावातील रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी घेतली जाते आणि तिला वरची मर्यादा असते. समजा तासाला ३० डाव झाले आणि प्रत्येक डावातून सरासरी ३ चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) कापल्या गेल्या, तर तासाभरात ९० चिप्स टेबलावरून नाहीशा होतात. नऊ खेळाडू असतील तर प्रत्येकी १०. सक्तीच्या पैजा, म्हणजे ब्लाइंड, १ आणि २ चिप्सच्या असतील तर मोठ्या ब्लाइंडच्या पाचपट रक्कम दर तासाला केवळ बसण्यासाठी गेली. हे गणित एकदा मांडले की साधारण हात खेळण्याचा मोह आपोआप कमी होतो.

पैशांची व्यवस्था जहाजावर पाय ठेवण्याआधीच करावी. खोलीच्या कार्डावर चिप्स घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण काही जहाजांवर त्यासाठी वेगळे शुल्क पडते, शिवाय हिशेब प्रवासाच्या शेवटी समोर येत असल्याने खर्च जाणवतच नाही. त्यापेक्षा संपूर्ण सहलीसाठीची रक्कम रोख वेगळी काढून तिचे रात्रींप्रमाणे भाग करावेत आणि एका रात्रीचा भाग संपला की उठावे.

टेबलावर बसताना नोटा डीलरच्या हातात न देता समोर कापडावर ठेवाव्यात. तोंडाने उच्चारलेली पैज बंधनकारक असते. पैज वाढवायची असल्यास आधी तसे बोलावे किंवा सर्व चिप्स एकाच वेळी पुढे साराव्यात, कारण थोड्या ठेवून पुन्हा थोड्या घालणे मान्य होत नाही. आपली पाळी येईपर्यंत पत्ते टाकू नयेत आणि डाव चालू असताना शेजाऱ्याशी पत्त्यांची चर्चा करू नये. काही जहाजांवर डीलरऐवजी इलेक्ट्रॉनिक पडद्याचे टेबल असते. तेथे शिष्टाचाराची चिंता कमी, पण डाव भराभर होतात आणि कपातही तितक्याच वेगाने होते.

प्रत्यक्ष खेळात सुट्टीवरच्या मंडळींचा स्वभाव ध्यानात घ्यावा. त्यांना पत्ते टाकून बसून राहण्यापेक्षा खेळण्यात अधिक रस असतो, त्यामुळे ते दुबळ्या हातावरही शेवटपर्यंत पैसे भरतात. अशा टेबलावर थाप मारून कोणाला पळवणे जवळजवळ व्यर्थ आहे. त्याऐवजी मोठ्या जोड्या, एक्का-राजा यांसारखे मोजके हात निवडावेत आणि ते जुळले की मोकळ्या हाताने पैज वाढवावी. शक्यतो शेवटी बोलण्याची जागा असताना अधिक हात खेळावेत, कारण तोवर इतरांचा इरादा उघड झालेला असतो.

हिशेबाचे एक उदाहरण पाहू. आपल्याकडे एकाच चिन्हाचे, उदाहरणार्थ बदामाचे, चार पत्ते आहेत आणि शेवटचा एकच पत्ता उघडायचा आहे. पाचवा जुळवणारे ९ पत्ते न पाहिलेल्या ४६ पत्त्यांत आहेत, म्हणजे शक्यता साधारण २० टक्के. डावात ३० चिप्स असताना समोरच्याने १५ लावल्या, तर ४५ जिंकण्यासाठी आपल्याला १५ भराव्या लागतात आणि त्यासाठी २५ टक्के शक्यता हवी. पत्ता लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल असे खात्रीने वाटत नसेल, तर येथे पत्ते टाकावेत.

जहाजावर स्पर्धाही भरतात. त्यांत ब्लाइंड दर १०-१५ मिनिटांनी वाढत असतील तर संयमाला फारसा वाव उरत नाही, म्हणून प्रवेश शुल्कातील किती भाग बक्षिसांत जातो हे विचारूनच नाव द्यावे. उरलेल्या चिप्स अखेरच्या रात्री कॅसिनो बंद होण्यापूर्वीच रोखीत बदलून घ्याव्यात. सकाळी जहाज बंदरात असते, रोखपालाची खिडकी उघडी मिळेलच असे नाही आणि किनाऱ्यावर त्या चिप्स कोणी घेत नाही.