थंडीच्या हंगामात पंपसेटला कारखान्याचे उरलेले तेल: कोणते, किती आणि कसे

हिवाळी पिकांच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की डिझेल इंजिन रोज तासन्‌तास चालते. कारखान्यातले जादा तेल कमी भावात मिळत असेल, तर ते टाकीत ओतावेसे वाटणे साहजिक आहे. तेल जळते आणि इंजिन चालतेही. पण महिना-दोन महिन्यांत फ्युएल पंप, नोझल आणि रिंगांची काय अवस्था होते, ते पाहून मगच निर्णय घ्यावा. या कामाला थंडीचे दिवस सर्वांत अडचणीचे असतात.

त्याचे कारण तेलाचा घट्टपणा. 40 अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा साधारण 2 ते 4.5 सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचे एकक) असतो. '32' क्रमांकाच्या हायड्रॉलिक ऑइलचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांतले तेल) त्याच तापमानाला 32 असतो आणि 10 अंशांच्या पहाटे तो दीडशेच्या वर जातो. असे तेल नोझलमधून तुषार होऊन उडत नाही, मोठ्या थेंबांनी पिस्टन व लायनरवर आदळते. अर्धवट जळालेले तेल रिंगांच्या खोबणीत काजळी धरते आणि उरलेले खाली चेंबरमधल्या वंगण तेलात उतरते. हेच तेल पाचात एक भाग डिझेलमध्ये मिसळले, तर मिश्रणाचा घट्टपणा 4 च्या थोडा वर, म्हणजे डिझेलच्या मर्यादेतच राहतो. निम्मे-निम्मे केल्यास तो 8 च्या आसपास जातो. म्हणून 20 टक्के ही वरची मर्यादा माना.

आता तेलाची निवड. ही चुकली तर पुढची सगळी काळजी वाया जाते. घ्यायचे ते फक्त न वापरलेले, सीलबंद, डब्यावर नाव-क्रमांक स्पष्ट असलेले खनिज तेल: मुदत उलटलेले किंवा शिल्लक पडलेले ट्रान्सफॉर्मर ऑइल, नाहीतर 22 वा 32 क्रमांकाचे हायड्रॉलिक ऑइल. दोन्हींत ट्रान्सफॉर्मर ऑइल सरस, कारण ते पातळ असते आणि त्यात राख करणारी मिश्रणे जवळजवळ नसतात. हायड्रॉलिक ऑइलमध्ये बहुधा थोडे जस्त असते, त्यामुळे त्याचे प्रमाण आणखी कमी ठेवा.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेले तेल मात्र हातातही घेऊ नका. 1980 च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी त्यात पीसीबी हे घातक रसायन वापरले जाई. 2001 च्या स्टॉकहोम करारात ज्या विषारी पदार्थांवर जगभर बंधने आली, त्यांत ते आहे. रंगावरून वा वासावरून ते ओळखता येत नाही आणि इंजिनात जळताना त्यातून डायॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. इंजिनातून काढलेले काळे ऑइलही नको. गाळून ते स्वच्छ दिसले तरी विरघळलेले जस्त-कॅल्शियम आणि अतिसूक्ष्म काजळी फिल्टरमधून पार होतात आणि त्यांची राख व्हॉल्व्ह, नोझल व लायनर झिजवते. पाण्यात मिसळणारे कटिंग ऑइल, क्लोरीनयुक्त कटिंग ऑइल, ब्रेक ऑइल आणि सिलिकॉन तेल पूर्ण वर्ज्य. क्लोरीनमुळे आम्ल तयार होते आणि सिलिकॉन जळून वाळूसारखी राख उरते.

इंजिनही योग्य हवे. संथ गतीचे, प्लंजरचा (दट्ट्याचा) फ्युएल पंप असलेले जुन्या पद्धतीचे इंजिन हे मिश्रण सोसते. रोटरी पंपाला घट्ट तेल मानवत नाही. कॉमन रेल (सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने इंधन देणाऱ्या) इंजिनात किंवा धुराचा फिल्टर बसवलेल्या ट्रॅक्टरमध्ये एक लिटरही घालू नका.

बॅरल उबदार जागी स्टँडवर दोन आठवडे स्थिर ठेवा. तळाच्या कॉकमधून पाणी व गाळ काढून टाका आणि वापरायचे तेल तळापासून 15 सेंटीमीटर वरून घ्या. ते आधी 10, मग 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून गाळा. फ्युएल पंपातला प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या नळकांड्यामधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते, त्यामुळे इथे हयगय चालत नाही. पाणी तपासायला डोळ्यांवर चष्मा लावून, उघड्यावर, 120 अंशांहून थोड्या जास्त तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाका. तडतडले तर त्यात पाणी आहे. मग 16 लिटर डिझेलमध्ये 4 लिटर तेल (हायड्रॉलिक ऑइल असेल तर त्याहून कमी) ओतून ढवळा. पारदर्शक बाटलीत नमुना भरून रात्रभर बाहेर थंडीत ठेवा. सकाळी थर, धूसरपणा किंवा साका दिसला तर ते मिश्रण वापरू नका. पातळ करण्यासाठी पेट्रोल कधीही घालू नका, आगीचा धोका फार वाढतो.

टाक्या दोन हव्यात. इंजिन साध्या डिझेलवर सुरू करा, गरम झाल्यावर मिश्रणावर घ्या आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणा. बदलाचा कॉक कुठे बसवला आहे, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर इंधन घेते. कॉक फिल्टरच्या आधी असेल, तर अर्ध्या लिटरच्या फिल्टरमधले मिश्रण संपायलाच अर्धा तास जातो. दोन्ही टाक्यांना वेगळे फिल्टर द्या आणि कॉक पंपालगत बसवा, म्हणजे पाच-दहा मिनिटे पुरतात. नोझलकडून परत येणारी नळी मिश्रणाच्या टाकीत सोडा, नाहीतर डिझेलची टाकी हळूहळू खराब होते.

उपसलेले पाणीच इंजिनातून फिरत असेल, तर थंडीत इंजिन कोमटच राहते आणि काजळी झपाट्याने धरते. पाण्याचा कॉक थोडा आवळून बाहेर पडणारे पाणी 65 ते 70 अंशांवर ठेवा. भार निम्म्याहून कमी असेल तेव्हा साधे डिझेलच वापरा.

रोज सकाळी वंगण तेलाची पातळी पाहा. ती वाढलेली दिसली, तर इंधन खाली उतरते आहे. इंजिन सुरू न करता तेल बदला आणि नोझल तपासून घ्या. पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचेच वंगण तेल ओढून बेफाम धावू शकते, आणि तेव्हा हवेची वाट बंद करणे हाच उपाय उरतो. गरम इंजिनाचा पांढरा धूर अर्धवट ज्वलन सांगतो, काळा धूर आणि ठोके बिघडलेले नोझल. वंगण तेल पुस्तिकेतल्या तासांच्या निम्म्यावर बदला.

अशा इंधनाला, करासह, तुमच्या भागात कोणते नियम लागू आहेत ते खरेदीआधी विचारा. तळाचा गाळ आणि वापरलेले फिल्टर झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. बांधावर, चारीत किंवा विहिरीजवळ काहीही ओतू नका. या इंजिनाचा धूर धान्य वाळवायला वापरू नका. हंगाम संपला की शेवटचे दोन तास फक्त डिझेलवर चालवा, दोन्ही फिल्टर व वंगण तेल बदला आणि मिश्रणाची टाकी रिकामी करून मगच इंजिन झाकून ठेवा.