घरच्या घरी गुरुत्व त्वरण कसे मोजावे

गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर, मोजण्यासाठी न ताणला जाणारा दोरा, लोखंडी नट आणि मोबाईलमधील स्टॉपवॉच एवढे साहित्य पुरते. दाराच्या चौकटीवरील पक्क्या खिळ्याला नट असा टांगावा, की खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर भरेल. गाठीपर्यंतच मोजल्यास उत्तर चुकते.

नट सुमारे १० सेंटिमीटर बाजूला नेऊन, धक्का न देता सोडावा, कारण झोका लहान असेल तरच लंबकाचे नेहमीचे सूत्र लागू पडते. वेळ टोकापासून नव्हे, तर मध्यापासून मोजावी: तेथे वेग सर्वाधिक असल्याने नट मध्य ओलांडतो तो क्षण नेमका पकडता येतो, टोकाला मात्र तो रेंगाळतो. मोजणीची सुरुवात ‘शून्य’ने करावी, ‘एक’ने केल्यास न झालेले एक दोलन (नटाने पुन्हा त्याच दिशेने मध्य ओलांडेपर्यंतची एक पूर्ण फेरी) हिशेबात शिरते, आणि माझ्या मते या प्रयोगात सर्वाधिक जपण्याची गोष्ट हीच आहे.

समजा, २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, तर दोलनकाल २.०१ सेकंद झाला. पायच्या (π, सुमारे ३.१४) वर्गाची चौपट, म्हणजे ३९.४८, हिला लांबीने गुणून दोलनकालाच्या वर्गाने, ४.०४ ने, भागावे, उत्तर ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. त्यानंतर दुप्पट जड नट, लांबी तीच ठेवून, अवश्य टांगून पाहावा: दोलनकाल तेवढाच राहतो.