वादळ माहेरी, चाळ सासरी

माझं माहेर श्रीवर्धनजवळ, सासर नाशिकच्या दिंडोरीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी माहेरच्या वाडीवर आदळलं आणि रात्री पाऊस होऊन आमच्या कांदा साठवायच्या चाळीत शिरलं. तेव्हा 'समुद्र कुठे, आपण कुठे' हे आधी सोडा.

इशारा आला की कालनिर्णय उघडा. वाऱ्याचा वेग सगळे विचारतात, तिथी कोणी विचारत नाही. वादळ पाणी किनाऱ्यावर ढकलतं, त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. निसर्ग आलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी! भरती आणि वादळ एकाच सुमारास असतील, तर खाडीकाठच्यांनी फ्रीज-टीव्ही हलवत बसू नये. म्हातारी माणसं उंचावर न्यावीत, गुरांची दावी सोडावीत.

छपराच्या कडेचे पत्रे आधी उचलतात, म्हणून हूक-बोल्ट तिथले आधी आवळा. दारं-खिडक्या घट्ट लावा. वारा आत घुसला की छप्पर खालून उचकटतो.

विहिरीवर मोटर असते, पोहरा नसतो. वीज गेली की पाणी दिसतं, मिळत नाही. दादाने तेव्हा कळशीला दोर बांधून पाणी काढलं. पोहरा आणि दोर आजच घेऊन ठेवा.

मधेच वारा पडला, उजाडल्यासारखं झालं, की अंगणात उतरू नका. तो वादळाचा डोळा. अण्णा पडलेला पत्रा उचलायला निघाले होते, आईने हाताला धरून आत ओढलं. थोड्याच वेळात वारा उलट्या बाजूने आला, आधीपेक्षा जोरात. हे मला आठवड्याने कळलं, कारण फोनच लागत नव्हते. म्हणून निरोप ठेवायला बाहेरगावचं एकच माणूस आधी ठरवा.

आता चाळ. पाऊस आडवा येतो, त्यामुळे ताडपत्री नुसती वर टाकून भागत नाही, बाजूंनाही बांधा. पाऊस थांबला की लगेच सोडा, नाहीतर कांदा घाम धरतो आणि सडतो. आम्ही दोन दिवस सोडली नाही. वास रस्त्यापर्यंत येत होता.

पडझड आवरायची घाई नको. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत फोटो काढून ठेवा. दादाने आडव्या पडलेल्या प्रत्येक पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चुन्याने आकडा घातला, मगच कुऱ्हाड लावली. नवीन पोफळ धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात, तेव्हा मोजणीत एकही झाड सुटू देऊ नका.