लॉबी जड लागते? आधी या चुका टाळा

मोबाईलवरच्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये एका सामन्यात तुम्हाला ज्या खेळाडूंसोबत टाकलं जातं, ती लॉबी. उन्हाळ्यात दारव्ह्याजवळच्या गावी गेलो होतो. मामेभाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला, "दादा, हा गेम मले मुद्दामच भारी प्लेअरच्या लॉबीत टाकते." फोन पाहिला, तर एकाच आयडीवर तिघं खेळत होते. सकाळी थोरला भाऊ रँक डायमंड या वरच्या पायरीपर्यंत चढवायचा, दुपारी हा त्याच रँकवर मार खायचा, संध्याकाळी शेजारचा पोरगा. खेड्यात घरात एकच धड फोन असतो, म्हणून ही चूक आपल्याकडे फार होते.

गेमला माणूस दिसत नाही, आयडीचे निकाल दिसतात. हा हिशोब मुळात बुद्धिबळातला. आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची रेटिंग पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली, आणि आजच्या बऱ्याच गेममध्ये जोड्या लावताना तोच विचार वापरतात. एलोंच्या गणितात दोघांच्या रेटिंगमध्ये ४०० गुणांचं अंतर असलं, तर अकरा डावांत वरच्यानं साधारण दहा गुण घ्यावेत अशी अपेक्षा असते. थोरल्यानं कमावलेलं अंतर धाकट्याच्या अंगावर येणारच. फोन एक असू द्या, आयडी ज्याची त्याची ठेवा.

वरच्या रँकच्या मित्राच्या स्क्वाडमध्ये शिरलात, तरी तेच होतं. समोरची टीम त्याच्या तोडीची येऊ शकते.

काही जण वैतागून नवी आयडी काढतात आणि खालच्या रँकवर सोपे किल घेतात. याला स्मर्फिंग म्हणतात. हे करू नका. परवाच गेम टाकलेल्या एखाद्या पोराला तुमच्यामुळेच ती जड लॉबी मिळते, आणि तो दोन दिवसांत खेळ सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं.

कधी कधी दोष लॉबीचा नसून टॉवरचा असतो. रात्री आठ ते दहा अख्खं गाव नेटवर असतं. भिंतीआड गेल्यावरही गोळी लागत असेल, तर आधी पिंग पाहा, म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा मिलिसेकंदांतला वेळ. तुम्ही हललात हे सर्व्हरला उशिरा कळतं, समोरच्याला तुम्ही अजून उघड्यावरच दिसता. मामाच्या घरात टिनाखाली पिंग १८० होतं, बाहेर ओट्यावर बसलो तर ७०. सेटिंगमध्ये सर्व्हर जवळचाच निवडलाय ना, तेही बघून घ्या.

सिस्टीमची बाजूही कधी लंगडी असते. रात्री दोनला खेळाडू कमी असतात. तुम्हाला ताटकळत ठेवण्यापेक्षा ती रँकची अट सैल करते आणि कुणालाही समोर आणते. अशा वेळी रँक वर चढवायला खेळू नका, रँक न मोजणारा साधा सामना खेळा किंवा झोपा. नवा सीझन लागला की वरचेही खाली उतरवले जातात, म्हणून पहिला आठवडा त्यांना पुन्हा वर चढू द्या. हॅकर वाटला तर शिव्या न देता रिप्ले पाहा, आणि खात्री पटली की तिथूनच रिपोर्ट करा.