हार्बिनच्या बर्फ महोत्सवाला जाताय? मग दुपारीच पोचा

ईशान्य चीनमधल्या हार्बिनला जाणारे बरेच जण लाइट लागल्यावर आइस अँड स्नो वर्ल्डला (बर्फाच्या इमारतींचं महोत्सवातलं मोठं पार्क) पोचतात, फोटो काढतात आणि गारठून तासाभरात बाहेर पडतात. माझं ऐका, अडीच-तीनलाच आत शिरा (मेट्रोची लाइन 2 दारापर्यंत नेते). जानेवारीत तिकडे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे आधी उजेडात बर्फ बघून होतो आणि मग अंधार पडता पडता एकेक इमारत आतून उजळताना पण बघायला मिळते.

उजेडात कशाला, तर खरी कारागिरी तेव्हाच कळते. हा सोंगहुआ नदीचा बर्फ, डिसेंबरमध्ये नदी गोठली की मोठमोठ्या लाद्या कापून आणतात, एकावर एक रचतात आणि मध्ये पाणी सोडतात, ते गोठलं की झाली भिंत पक्की. अगदी जवळ जाऊन सांधा बघा, लादी आरपार दिसते, सांध्यावर पांढरट रेघ असते आणि आत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. रंगीत लाइटमध्ये यातलं काहीच नीट दिसत नाही, म्हणून एवढं सांगतोय.

आता थंडी. उणे 20 नेहमीचंच, रात्री उणे 30 च्या आसपास पण जातं. आतून कॉटन अजिबात नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं, त्यापेक्षा थर्मल, त्यावर फ्लीस आणि वरून लांब डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट. बूट एक नंबर मोठे घ्या कारण जाड मोजे घालून बूट घट्ट झाला तर पाय उलट जास्त गारठतात. हीट पॅक (आपोआप गरम होणाऱ्या पुड्या) कपड्यावरून चिकटवायचे, थेट कातडीला लावले तर भाजतं.

आणि फोन! तिकडे पेमेंट जवळपास सगळं फोनवरच्या अलीपे नाहीतर वीचॅट अ‍ॅपवर चालतं आणि थंडीत चांगली चार्ज असलेली बॅटरी पण अचानक बंद पडते, म्हणजे फोटो तर गेलेच पण गरम सूप घ्यायची पण पंचाईत. फोन आणि पॉवर बँक दोन्ही जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थोडे युआन कॅश जवळ असू द्या, पासपोर्ट पण घ्या. कॅमेरा असेल तर गरम खोलीत शिरायच्या आधीच झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर आणि आत पाणी धरतं.

मोठ्या घसरगुंडीला रांग फार असते, हवीच असेल तर आत गेल्या गेल्या तिकडे वळा.

महोत्सवाचं उद्घाटन 5 जानेवारीला असतं पण पार्क बहुतेक डिसेंबरातच उघडतं. फेब्रुवारी सरत आला की कोरीव कडा वितळून बोथट होतात, तेव्हा जानेवारीच धरा. आणि एक संध्याकाळ शहरातल्या झाओलिन पार्कसाठी ठेवाच, 1963 पासून तिथे बर्फाचे कंदील लावतात, पूर्वी बादलीत पाणी अर्धवट गोठवून मधलं पाणी ओतून टाकायचे आणि त्या पोकळीत दिवा ठेवायचे.