ई-रीडरवर मराठी नीट वाचायचं तर

नवीन ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, हातात आला की सगळ्यात आधी त्याची मराठीची परीक्षा घ्या. कॉम्प्युटरवर एवढंच टाइप करून त्यावर पाठवा: आचार्यांना, आचाऱ्यांना, दर्या, दऱ्या, वाङ्मय, ऱ्हस्व. दोन्ही 'र' वेगवेगळे दिसले आणि जोडाक्षरं फुटली नाहीत, तर यंत्र आपल्या कामाचं. मी आर्णी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पोरांच्या वहीत ज्या अक्षराला लाल गोल करते, तेच पुस्तकात चुकलेलं दिसलं की माझं पुढचं पान वाचून होत नाही.

दुसरी गोष्ट पीडीएफची. आपल्याकडे मराठी पुस्तकं बहुतेक पीडीएफमध्येच फिरतात आणि सहा इंची पडद्यावर ती मुंगीएवढी दिसतात. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं गोठलेलं असतं, त्यामुळे नुसती अक्षरं मोठी होत नाहीत. यंत्र आडवं धरलं की थोडं बरं वाचता येतं. ईपब हा ई-पुस्तकाचा फाइलप्रकार मिळत असेल तर तोच घ्या, त्यात ओळी अक्षरांच्या मापाप्रमाणे नव्याने मांडल्या जातात. आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली फाइल असेल तर तिचं रूपांतर करत बसू नका. मी दिवाळीच्या सुटीतले दोन दिवस त्यात घालवले, हाती आली ती नुसती चिन्हांची खिचडी.

कॅलिबर हे ई-पुस्तकांच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मात्र कॉम्प्युटरवर घ्याच. त्यातून रूपांतर करताना आवडीचा फॉन्ट पुस्तकातच बसवता येतो. मी 'तिरो देवनागरी मराठी' बसवते. हिंदी वळणाचे ल आणि श वाचताना मला सारखं खटकतं. या फॉन्टमध्ये ते आपले, बालभारतीत गिरवलेले आहेत. मग यंत्रावर प्रकाशकाचा फॉन्ट निवडायचा, की झालं.

पुस्तकं कुठून आणायची? आपल्या कायद्यात लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून 60 वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. राम गणेश गडकरी तर 1919 साली आपल्याच सावनेरला गेले. मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर असं बरंच सापडतं, तिथून ईपब उतरवता येतं. गावात रेंज नसते म्हणून मी यवतमाळला गेले की महिन्याचं वाचन भरून आणते. घरी आल्यावर वायफाय बंद. चार्जिंग दोन-तीन आठवडे सहज पुरतं, कारण पडद्यातले काळे-पांढरे कण पान बदलतानाच विजेने हलतात. एकदा बसले की वीज लागत नाही. आतला दिवा लावला तर तेवढी लागते.

एसटीत खिडकीशी बसून, भर उन्हातही पान कागदासारखं स्वच्छ दिसतं. पण मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचं ऊन बॅटरीला सोसत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तोवरच्या रात्री माझ्या वाचनाच्या. लाइन गेली की अंगणात बाज टाकायची आणि दिवा अगदी मंद, पिवळसर ठेवायचा. डोळ्याला त्रास नाही.

घरात म्हातारं माणूस असेल तर अक्षरं आणखी मोठी करून त्यांच्या हातात द्या. माझी आई चौथी शिकलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचं वाचन सुटलं होतं. मी ओळीत चार-पाच शब्द मावतील एवढं माप केलं. तिला बोट फिरवत वाचायची सवय, आणि बोट लागलं की पान उलटायचं. "माह्या हातानं पुस्तक पयते," म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. मग खराट्याची वाळलेली काडी दिली. काडीचा स्पर्श माझ्या यंत्राच्या पडद्याला कळत नाही. आता ती काडीने ओळ धरून वाचते, पान संपलं की मला हाक मारते. काडी उशाखाली असते, अंगण झाडताना कोणी ती उचलायची नाही.